बैल निजवणारे गफूरचाचा

आमच्याकडे गुडघा बरा झाला की नाही हे डॉक्टर ठरवत नाही. माणूस उकिडवा बसला की तो बरा झाला. ऑपरेशनची फाईल, एमआरआयचे काळे फोटो, माझी टेप हे सगळं एकीकडे, आणि ओट्यावर दोन्ही टाचा टेकवून खाली बसलेला बाप एकीकडे. बाप बसला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढच्या आठवड्यापासून माझ्याकडे येणं बंद करतात. इतकी वर्षं मी या समजुतीवर चिडत आले. पण एका माणसाच्या बाबतीत मी चिडायचा हक्क गमावून बसले आहे, आणि हे त्याच्याबद्दलच आहे.

खामगावात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. लोक मला कसरतवाल्या बाई म्हणतात. आधी मी त्यांना दुरुस्त करायचे, आता सोडून दिलं. महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणी नवा पेशंट दारात चपला काढता काढता सांगतो, "गफूरचाचानं पाठवलं." मी हसून "या, बसा" म्हणते आणि त्याच्याकडे न बघता फाईल काढते. पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा वाटलं होतं, सवय होईल. झाली नाही.

शेख गफूर हे नालबंद. बैलांच्या खुरांना लोखंडी नाल ठोकणारे. डांबरी रस्त्यावर गाडी ओढून बैलाचे खूर झिजतात, म्हणून नाल लागतात. बैलाचा खूर दुभंगलेला, तेव्हा एका पायाला दोन पत्रे, एका बैलाला आठ. हे आठ पत्रे ठोकायचे तर एवढं मोठं जनावर आधी जमिनीवर आडवं करावं लागतं. चाचा त्यासाठी बाजार फिरायचे. एक दिवस खामगावचा बैलबाजार, एक दिवस धामणगाव बढे, मधे जी गावं लागतील ती. पन्नाशी ओलांडलेला, सडसडीत, लांब हातांचा माणूस. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. शेणामातीत पांढरा शर्ट कशाला घालता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जनावराले सबन समजते बेटा, कोन आपल्यापाशी तयारीनं आला अन् कोन असाच आला." काम करताना खिळे ओठांत धरायची सवय, त्यामुळे एरवीही ओठ फार न उघडता बोलायचे. आणि खिळे खरंच ओठांत असले की कोणाशीच बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक असो, पाटील असो, नाहीतर डबा घेऊन आलेली चाची असो, खिळे संपेपर्यंत उभं राहायचं.

बैल पाडणे हा शब्द त्यांना खपत नसे. "पाडत नाही मी, निजवतो," म्हणायचे. दोराचा फास शिंगांशी, एक वळसा छातीमागून, एक पोटाशी, आणि मोकळं टोक स्वतःच्या कमरेवरून. मग बैलाशी काहीतरी पुटपुटत मागे सरायचं. बैलाचे मागचे पाय दुमडायला लागले की डाव्या पायावर अंग वळवायचं आणि त्याचं वजन आपल्या अंगावर घेत त्याला खाली आणायचं. चाचांच्या हाती बैल आपटला असं कधी झालं नाही. गाभण गाईसारखा हळू बसायचा, असं बाजारातले लोक सांगतात.

आणि नाल ठोकून झाल्यावर त्यांची एक रीत होती. दोर सोडला, बैल उठला, तरी मालकाच्या हाती कासरा द्यायचे नाहीत. आधी डांबरी रस्त्यावर वीस पावलं चालवायचा, वळवायचा, परत आणायचा. चाचा मागे उभे राहून बघायचे आणि कान देऊन ऐकायचे. एकदा एका घाईतल्या माणसाने कासरा हिसकून घेतला, मला उशीर होतो म्हणून. चाचांनी त्याच्या हातातून तो शांतपणे परत घेतला, बैल चालवला, वळताना एक नाल वेगळा वाजला, आणि त्यांनी सगळा बैल पुन्हा निजवला. "उभ्या बैलाचा नाल सबनच चांगला दिसते. वळला का समजते," एवढंच त्या माणसाला सांगितलं. ही गोष्ट मला गौतम इंगळेंनी सांगितली. बाजारात चाचांच्या शेजारी दोर आणि कासरे विकायला बसतात ते. तीस वर्षांचा शेजार.

अशाच एका बाजारात, दिवाळीनंतर, बैल अर्धा खाली आला असताना मागून एका पिकअपने कर्कश हॉर्न दिला. बैल उसळला. चाचांचा डावा पाय चिखलात रुतलेला, अंग वळलेलं. गुडघ्यात कट् असा आवाज झाला. चाचांना वाटलं दोर तुटला. पडल्या पडल्या त्यांनी आधी दोर तपासला, तर तो धड होता.

तुटलं होतं गुडघ्याच्या आतलं लिगामेंट. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना पाय जागेवर राहावा म्हणून तिथे एक दोरीच असते म्हणा ना. अकोल्याला ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची कंडरा काढून, तिची चौघडी करून तिथे नवी दोरी बसवली. काम उत्तम झालं होतं, हे मुद्दाम सांगते. पुढे जे झालं त्यात ऑपरेशन करणाऱ्याचा काही दोष नाही.

माझ्याकडे ते आले तेव्हा पायाला लांब पट्टा, काखेत काठी, एका बाजूला रुकय्याचाची आणि दुसऱ्या बाजूला गौतमकाका. मी सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाले, नऊ महिने लागतील.

"नऊ महिने?" चाचा म्हणाले. "तेवढ्यात तं लेकरू होते."

"मले चारदा लागले नऊ महिने," चाची म्हणाली. "तवा नाही वाटले तुम्हाले लय."

गौतमकाकांना मात्र चौघडीत रस होता. "म्हंजे चार पदरी," ते म्हणाले. "म्याडम, नवा दोर हाये तं लवकर ताण नोका देऊ. नवा दोर एकदा ताणला का लांबते, मंग कितीबी करा, आखडत नाही." मी माझ्या पुस्तकी तोऱ्यात त्यांना सांगितलं की काका, हा दोर जिवंत असतो, तो हाडात रुजावा लागतो. माझं बरोबर होतं. त्यांचंही बरोबर होतं. त्यांचं ऐकून मी हसले, ते हसू मला अजून आठवतं.

चाचांसारखा पेशंट मला आजवर मिळालेला नाही. टाच घसरत पाय दुमडायचा व्यायाम सांगितला तर घरी स्टीलच्या परातीवर पावडर टाकून दिवसातून सहा वेळा करायचे. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दाबा म्हटलं तर चाचीला बोट खाली घालायला लावायचे, दबतं की नाही बघायला. दुमडलेल्या पायाची टाच आणि बैठक यांच्यात किती अंतर राहिलं ते मी टेपने मोजायचे, ते बोटांनी. "आज अकरा बोटं राह्यली बेटा." मग नऊ. मग सात. पुढे पुढे मीही वहीत बोटंच लिहायला लागले.

क्लिनिकच्या बाहेर दारात चपलांची रांग लागते. चाचांना बाकावर थांबावं लागलं की ते त्या चपला बघत बसायचे. एक दिवस मला म्हणाले, "हे तिसरी चप्पल कोनाची? त्याची उजवी कंबर दुखते." ती एका शाळामास्तरांची होती आणि मी त्यांच्या डाव्या पायावर पंधरा दिवस उपचार करत होते. मी रागावले. पेशंटच्या भानगडीत पडू नका म्हणाले. मास्तर आत आले तेव्हा चाचांना न कळू देता त्यांना पुन्हा तपासलं, तर दुखण्याचं मूळ उजव्या कमरेतच होतं. खूर झिजलेला बघून बैल कसा चालतो ते ओळखायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. माणसांना चार ऐवजी दोन खूर, एवढाच त्यांच्या लेखी फरक. पुढे मी त्यांना मुद्दाम विचारायला लागले, आज कोणाचं काय चाचा. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

तिसऱ्या महिन्यात मी विचारलं, तुम्हाला नेमकं काम काय करायचं असतं ते दाखवा. चाचांनी गौतमकाकांना खोलीच्या मधोमध उभं केलं आणि माझा व्यायामाचा लांब रबरी पट्टा त्यांच्या छातीमागून, पोटाशी गुंडाळला. "आता हा बैल," म्हणाले. गौतमकाकांनी मान खाली घातली आणि एकदा फुरफुरले. बाकीचे पेशंट हसून हसून बेजार. चाचा पट्टा कमरेवरून घेऊन मागे सरले, गौतमकाकांचे गुडघे वाकले, आणि तिथे चाचा थांबले.

"अथी वळा लागते," ते म्हणाले. "डाव्या पायावर. सबन काम अथीच हाये. हे कवा शिकवशीन?"

"ते नंतर बघू चाचा," मी म्हणाले. "आधी खाली बसायला तर लागा."

हे माझे शब्द आहेत. त्यांनी स्वतःच्या तोंडाने, माझ्या डोळ्यांसमोर, बैलाच्या जागी माणूस उभा करून सांगितलं होतं की माझं सगळं काम या एका वळण्यात आहे. आणि मी त्यांना बसायला शिकवत होते. कारण खाली बसला की बरा झाला, हे मीही मानत होते. पुण्यात शिकून आले, तिथल्या पोरी माझ्या 'मले-तुले'ला हसायच्या तेव्हा मनात म्हणायचे, परत जाऊन दाखवीन तुम्हाला. परत आले आणि गल्लीतल्या कोणत्याही सासऱ्यासारखं गुडघ्याचं माप बैठकीवर घेत बसले.

चाचांनाही बसायचं होतंच, ते नाकारत नाही. नमाज ते खुर्चीवर पढत होते. "खुर्चीवरची कबूल होते, मौलानांनी सांगितलं," म्हणायचे, "पन माही मलेच कबूल होत नाही." नाल ठोकताना उकिडवं बसायचं तेही होतंच. त्यांची ओढ आणि माझी हौस एकाच दिशेला लागली. मी रोज थोडं जास्त दाबायला लागले. सात बोटं, पाच, तीन. नव्या चार पदरी दोराला किती ताण बसतो आहे याचा हिशेब मनात कुठेतरी चालू होता, पण मी तिकडे बघत नव्हते. खोटं कशाला बोलू, तेव्हा गावात दुसरं एक मोठं चकचकीत सेंटर निघालं होतं आणि मला काहीतरी करून दाखवायचं होतं.

साडेपाच महिने झाले आणि चाचा बसले. पूर्ण उकिडवे, टाचा टेकवून, काही न धरता. मग गुडघे दुमडून नमाजच्या बैठकीत बसले आणि तसेच थोडा वेळ डोळे मिटून राहिले. बाकावरच्या पेशंटनी टाळ्या वाजवल्या. चाचीने डोळ्यांना पदर लावला आणि पिशवीतून गुळाचा मलिदा काढून सगळ्यांच्या हातावर ठेवला. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तिथल्या तिथे स्टेटसला टाकला.

त्यानंतर नेहमीची तपासणी केली. पाय थोडा दुमडायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. चांगल्या पायात ती किंचित येते आणि टक्कन अडते. उजव्या पायात तशी अडली. डाव्यात ती आली, आणखी थोडी आली, आणि मग जणू नाइलाजाने थांबली. मी पुन्हा ओढून पाहिली. तेच. दोर लांबला होता.

माझा हात त्यांच्या नडगीवर होता आणि तोंडात मलिदा होता. चाचा उशीवरून माझ्याकडे बघत होते. "काय म्हनते?" त्यांनी विचारलं.

"एकदम फिट," मी म्हणाले.

"मंग बैल निजवू?"

"हळूहळू सुरू करा."

हळूहळू. आमच्या धंद्यातला हा शब्द मी तेव्हापासून कोणाला सांगितलेला नाही. तो पेशंटसाठी नसतोच, आपल्याला नंतर अंग काढून घेता यावं म्हणून असतो. पाचशे किलोचं जनावर हळूहळू कसं निजवतात, हे मी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, डाव्या पायावर.

त्यांना सोडायला दारापर्यंत गेले. खाली त्यांच्या चपला होत्या. ऑपरेशननंतर नवीन घेतलेल्या, दोन्ही एकाच दिवशीच्या. उजवीची टाच चांगली झिजलेली आणि डावी जवळजवळ कोरी. त्यांनीच मला चपला वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे वाचता येत होतं. ते डाव्या पायावर पूर्ण भार टाकतच नव्हते. मी ते वाचलं आणि त्यांना म्हणाले, "जपून जा चाचा." तेव्हा बोलले असते तर चार-सहा महिने आणखी लागले असते, वळायचं शिकवता आलं असतं, निदान बाजारात जाऊ नका असं तरी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

पुढच्याच आठवड्यात बाजारात त्यांनी बैल निजवायला घेतला. हे मला कळलं दोन महिन्यांनी, गौतमकाका खांदा दुखतो म्हणून आले तेव्हा. बैल गरीब होता, म्हणाले, ओळखीचा. चाचा मागे सरले, वळले, आणि गुडघा जागेवरून निसटला. चाचा खाली आणि अर्धा बसलेला बैल त्यांच्या पायावर. गुडघ्यातली गादीही फाटली. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन सुचवलं. चाचा म्हणाले, एकच गुडघा कितीदा उघडायचा, आणि घरी आले.

"काय झालं होतं नेमकं?" मी विचारलं.

"शेणावरून पाय घसरला म्हनते. सबनाले तेच सांगते," गौतमकाका म्हणाले. मग म्हणाले, "आता बैल मीच निजवतो. माह्याच्यानं तसा निजत नाही. आपटते. चाचा दुसरीकडं तोंड करून बसते तेवढा वेळ."

त्यांचा खांदा बैल ओढून ओढून धरला होता. मी त्या खांद्याला शेक दिला, व्यायाम दिले, आणि एक शब्द बोलले नाही. त्यानंतर मी बैलबाजाराच्या रस्त्याने जायचं बंद केलं. स्टेशनकडे जायचं असलं तरी लांबून वळसा घ्यायचे. व्हिडिओ केव्हाच काढून टाकला होता, पण लोकांच्या लक्षात होता. आणि चाचांनी पाठवलेले पेशंट येत राहिले. कोणी सुलतानपूरकडचा, कोणी मोताळ्याचा. चाचांचं नाव सांगायचे आणि म्हणायचे, त्या बाईचा हात चांगला आहे म्हणाले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित त्यांच्याकडे लवकर गेले असते.

गेले ते जवळजवळ वर्षाने. एक म्हातारी आली होती, तिच्याबरोबर चाचांनी निरोप दिला होता की, बाईले सांगा मी मजेत हाये. मी तिचा व्यायाम संपवला, क्लिनिकला कुलूप लावलं आणि दुपारी सरळ बाजारात गेले.

चाचा लिंबाच्या सावलीत एका लाकडी खोक्यावर बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. समोर निजवलेला बैल, आणि ते खोक्यावरूनच वाकून आरामात खिळे ठोकत होते. मी बघतच राहिले. उकिडवं बसायची गरजच नव्हती. साडेपाच महिने, अकरा बोटांपासून तीन बोटांपर्यंत जे आम्ही दोघांनी मिळून कमावलं ते एका खोक्याने भागत होतं. ज्याला पर्याय नव्हता ते वळणं तेवढं गेलं होतं.

खिळे संपेपर्यंत मी उभी राहिले. मग ते म्हणाले, "अरे बेटा, तू? ये, बस." गौतमकाकांनी एक पोतं अंथरलं.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. "चाचा, त्या दिवशी मी फिट म्हणाले तेव्हा मला कळलं होतं," मी म्हणाले. "पाय ढिला आहे हे हाताला लागलं होतं. चपलाही पाहिल्या होत्या. मी बोलले नाही."

गौतमकाकांनी हातातला दोर खाली ठेवला. चाचांनी हातोडीची मूठ पुसली.

"मलेबी मालूम होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला?"

"चपला माह्याच होत्या ना. रोज पाह्यतो मी."

"मग गेले काऊन बैल निजवायला?" मी किती तरी वर्षांनी 'काऊन' म्हणाले असेन.

"तू फिट म्हनली," चाचा म्हणाले. "म्हटलं, शिकलेली पोरगी हाये, हात लावून पाह्यलं तिनं. चप्पलच चुकत असन."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चाळीस वर्षं त्या माणसाची नजर खुरांवरून चुकली नव्हती. माझ्या एका शब्दासाठी त्याने ती चुकीची धरली होती. बैलाचा मालक चुळबुळत होता. चाचांनी त्याला हाताने थांबवलं आणि खोक्यावरून उठले. उठताना आधी उजव्या पायावर भार घेतला, मग डावा टेकवला.

"चाल," मला म्हणाले. डांबरी रस्त्याच्या कडेला मला उभं केलं. "अथी उभी राह्य. मांगून पाह्य."

आणि ते चालायला लागले. बाजार भरलेला होता, लोक, जनावरं, टेम्पो, सगळ्यांमधून पांढरा शर्ट सरळ चालला होता. सरळ चालताना काहीच दिसत नव्हतं. कोणीही म्हणालं असतं, बरा आहे. वीस पावलं झाली आणि वळायची जागा आली. धड माणूस तिथे एका पायावर फिरतो आणि त्याला कळतही नाही. चाचा थांबले. उजवा पाय थोडा तिरका केला, डावा त्याच्या शेजारी आणून ठेवला, पुन्हा उजवा, पुन्हा डावा. चार लहान पावलांत ते वळले, भरल्या परातीसारखं स्वतःला सांभाळत.

"काय दिसलं?" त्यांनी तिथूनच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी डोळे पुसले. "सरळ चालताना चांगलं आहे," मी म्हणाले. "वळताना डाव्या पायावर भरोसा नाही. दोर लांबलाय, चाचा. आता तो आखडणार नाही."

ते परत आले, माझ्यापाशी क्षणभर थांबले. "बस," म्हणाले. "हेच आयकाचं होतं मले. त्या दिवशी." आवाजात राग नव्हता, आणि माफ केलं असंही त्यांनी म्हटलं नाही.

मग ते खोक्यावर जाऊन बसले, बैलाचा पुढचा पाय मांडीजवळ ओढून घेतला, डब्यातून चार खिळे उचलले आणि ओठांत धरले. मी अजून काहीतरी बोलणार होते. पण खिळे ओठांत असले की चाचा कोणाशीच बोलत नाहीत, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे.